सांधा बदललेल्या माणसांची नोंदवही सुरू करा: आरोग्यमंत्री आणि अस्थिरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
राज्य आरोग्य हमी सोसायटीचे अधिकारी,
आणि राज्यातील अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्यात २०१६ साली कृत्रिम सांधा बसवला. तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या बनावटीचा, कोणत्या मापाचा, हे पुढची नऊ वर्षं आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर निळ्या शाईत एक ओळ होती: ‘टीकेआर उजवा. इम्प्लांट: इम्पोर्टेड.’ म्हणजे उजवं गुडघेरोपण, सांधा परदेशी. एवढंच.

मागच्या वर्षी तो गुडघा पुन्हा सुजायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे पाहिले. ते म्हणाले, धातूचे दोन्ही भाग हाडात घट्ट दिसतायत, मधली प्लास्टिकची चकती झिजलेली असावी. नशीब असेल तर फक्त ती चकती बदलून भागेल. पण ती त्याच कंपनीची, त्याच बनावटीची आणि त्याच मापाची लागते. ‘स्टिकर घेऊन या,’ ते म्हणाले. प्रत्येक सांध्याच्या खोक्यात ही छोटी स्टिकरं असतात, त्यावर कंपनी, नंबर, माप सगळं छापलेलं असतं.

आम्ही जुन्या रुग्णालयात गेलो. रेकॉर्ड रूममधला माणूस सज्जन होता. त्याने दोन दिवस शोधलं आणि मग सांगितलं की जुने कागद निकाली काढले, तीन वर्षांपलीकडचं काही ठेवत नाहीत. ज्यांनी शस्त्रक्रिया केली होती ते डॉक्टर रुग्णालय सोडून गेले होते. त्यांच्याकडेही काही नव्हतं.

एक्स-रेवरून अंदाज बांधून दोन कंपन्यांच्या चकत्या थिएटरमध्ये मागवून ठेवल्या. दोन्ही बसल्या नाहीत. मग हाडात घट्ट बसलेले, काहीही बिघाड नसलेले धातूचे दोन्ही भाग छिन्नी लावून काढावे लागले आणि लांब दांड्यांचा नवा सांधा घालावा लागला. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. काढलेला तुकडा डॉक्टरांनी मला नंतर दाखवला. हाडाकडच्या बाजूला, सिमेंटखाली, त्याचा नंबर नीट वाचता येईल असा कोरलेला होता. त्या नंबरची चकती बाजारात मिळत होती.

हे पत्र मी त्या नंबरासाठी लिहिते आहे.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, कराडला बावीस वर्षं काम करते. टाके निघाले की गुडघे माझ्यासारख्यांकडे येतात. शल्यचिकित्सकाला रुग्ण पंधराव्या दिवशी दिसतो, मग सहा आठवड्यांनी, फार तर तीन महिन्यांनी. त्यापुढचं आम्ही पाहतो: एसटीच्या पायरीवर अडलेला पाय, रात्री उशाला ठेवलेली दुखण्याची गोळी, आणि कितीतरी घरांत पुन्हा हसऱ्या झालेल्या आज्याही. माझ्याकडे दोनशे पानी वह्या आहेत, २००९ पासूनच्या. प्रत्येकाचा कोणता गुडघा, कितव्या दिवशी किती अंश वाकला, सहा महिन्यांनी किती, वर्षाने किती, दुखणं कसं आहे. जे परत आले त्यांच्याच नोंदी पुऱ्या आहेत. कितीतरी पानं अर्धी आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. सांधेरोपणाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. माणसाला पुन्हा चालतं करणाऱ्या शस्त्रक्रिया फार थोड्या, आणि ही त्यातली एक आहे. माझ्याकडच्या एक काकू सहा वर्षं वारीला गेल्या नव्हत्या. गुडघे बदलल्यावर दुसऱ्या वर्षी लोणंदहून माउलींच्या पालखीबरोबर चालत निघाल्या आणि चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण डोळ्यांनी पाहून आल्या. परत आल्यावर माझ्या टेबलावर बुक्क्याची पुडी ठेवली. असे दिवस मला हवेच आहेत. म्हणूनच, कुणाच्या बाबतीत हे होतं आणि कुणाच्या बाबतीत नाही, कोणत्या सांध्याने होतं, कोणत्या पद्धतीने होतं, हे मोजायला हवं. आज आपण ते मोजत नाही.

आपण मोजतो ते दुसरंच. पुणे–बंगळुरू महामार्गावरचे फलक आपण पाहिले असतील. ‘रोबोटिक गुडघेरोपण’, ‘अचूक’, ‘शंभर टक्के अचूक’. हा ‘अचूक’ शब्द माझ्याकडे येणारे रुग्णही आता वापरतात. तेव्हा तो नीट समजून घेऊ.

खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेषा, म्हणजे पायाचा अक्ष, कल्पावी. ती गुडघ्याच्या मधून गेली पाहिजे. नवा सांधा बसवल्यावर पाय या रेषेपासून तीन अंशांपेक्षा जास्त आत किंवा बाहेर कलू नये, हा अस्थिरोगशास्त्रातला जुना दंडक. हाताने, जिग (कापण्याची जागा दाखवणारा साचा) लावून हाडं कापली तर काही पाय या मर्यादेबाहेर जातात. यंत्राच्या मदतीने कापली तर असे पाय कमी होतात. हे खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. फलकावरची अचूकता म्हणजे एवढंच: हाड ठरवल्या कोनात कापलं गेलं.

पण रेषा सरळ आली म्हणजे माणूस सुखी झाला का? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१० साली आपल्याच ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब छापला. तीन अंशांच्या आत बसलेले गुडघे एकीकडे, बाहेर गेलेले दुसरीकडे. पंधरा वर्षांनी, आत बसलेले जास्त टिकले असं काही दिसलं नाही. दक्षिण कोरियात तर तेराशेहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून, काहींना यंत्राने आणि काहींना नेहमीच्या पद्धतीने सांधे बसवले आणि किमान दहा वर्षं त्यांच्यामागे राहून पाहिलं. २०२० साली निकाल आला. दुखणं, चालणं, सांध्याचं टिकणं, कशातही उल्लेखनीय फरक नव्हता. तिथलं यंत्र जुन्या पिढीचं होतं, आजची यंत्रं निराळी आहेत, असं कुणी म्हणेल. ते म्हणणं रास्त आहे. मग आजच्या यंत्रांचे आपल्या रुग्णांवरचे आकडे कुठे आहेत? फलक लावण्याआधी ते मांडायला नकोत का?

आणखी एक बाब मला खटकते. रुग्णाला जो कागद दिला जातो, ‘तुमचा अक्ष ०.५ अंशावर’, तो त्याच यंत्राने काढलेला असतो ज्याने हाड कापायला मदत केली. स्वतंत्र पडताळणी म्हणजे रुग्णाला उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढणं, आणि तो कोन दुसऱ्या कुणीतरी मोजणं. माझ्या वह्यांतल्या किती पानांवर असा एक्स-रे जोडलेला आहे, ते मी मोजून पाहिलं. सगळ्या वह्या मिळून हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. गोनिओमीटरने, म्हणजे कोन मोजायच्या पट्टीने, गुडघा मोजताना माझ्या आणि माझ्या सहकारी मुलीच्या आकड्यांत पाच अंशांचा फरक सहज येतो, म्हणून महत्त्वाच्या वेळी मी तिला पुन्हा मोजायला लावते. ही साधी सवय आहे, आणि अडीच-तीन लाख रुपये घेणाऱ्या शस्त्रक्रियेकडून तेवढीच अपेक्षा आहे.

आता एका मावशींबद्दल. मंडईत भाजी विकतात, जमिनीवर पोतं टाकून, उकिडव्या बसून. दोन्ही गुडघे यंत्राच्या मदतीने बदलून घेतले, कर्ज काढून. पाय इतके सरळ आले की मी स्वतः पाहत राहिले. दुखणं पार गेलं. कोन वाकतो एकशेपाच अंश. खुर्चीतून उठायला साधारण नव्वद-पंचाण्णव पुरतात. उकिडवं बसायला एकशेवीसच्या पुढे जावं लागतं. शिवाय डॉक्टरांनी सांगितलंय, खाली बसायचंच नाही, सांधा लवकर झिजेल. हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. पण तो त्यांना शस्त्रक्रियेनंतर मिळाला. आता त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, गिऱ्हाईक समोर उभं राहून वाकून भाजी निवडतं, आणि मुलीला शाळा सुटल्यावर टोपल्या उचलायला यावं लागतं. रुग्णालयाच्या लेखी ही शस्त्रक्रिया यशस्वी आहे. मावशींच्या लेखी काय आहे, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘दुखत नाही बाई, पण धंदा अर्धा झाला.’

दुखणं गेलं आणि धंदा अर्धा झाला, हा निकाल कोणत्या रकान्यात लिहायचा? आपल्याकडे असा रकानाच नाही.

आता माझ्या तक्रारी मांडते. त्या कुणा एका रुग्णालयाबद्दल नाहीत, म्हणून कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

पहिली तक्रार कागदांची. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांवर दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे. सांधा मात्र वीस-पंचवीस वर्षं शरीरात राहतो. म्हणजे सांध्याला पहिला त्रास व्हायच्या कितीतरी आधी त्याचा जन्मदाखला कायदेशीरपणे रद्दीत जाऊ शकतो. आणि लक्षात घ्या, माहिती तयार होत नाही असं नाही. विम्याचा किंवा योजनेचा दावा करताना तेच स्टिकर बिलाला चिकटवून पाठवावं लागतं. पैसे मिळावेत म्हणून ते जपलं जातं, तपासलं जातं, संगणकावर चढवलं जातं. फक्त ज्याच्या पायात सांधा आहे त्याच्या हातात ते पोचत नाही.

दुसरी तक्रार, परत न आलेल्यांची. ज्याचा गुडघा बिघडला तो बहुधा त्याच डॉक्टरकडे पुन्हा जात नाही. तो दुसऱ्या गावी जातो, नाहीतर मुकाट्याने सोसतो. पहिल्या डॉक्टरांना वाटतं, आला नाही म्हणजे बरा झाला. यात त्यांचा खोटेपणा नसतो. त्यांना खरोखरच कळत नाही. माझ्या वहीत अशी कित्येक नावं आहेत ज्यांची दुसरी शस्त्रक्रिया कोल्हापूरला, मिरजेला, पुण्याला झाली आणि पहिल्या डॉक्टरांना आजही त्याचा पत्ता नाही. ‘आमचा यशाचा दर नव्व्याण्णव टक्के’ असं जेव्हा एखादे डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात, तेव्हा त्या आकड्यातून ही सगळी माणसं गळालेली असतात.

तिसरी तक्रार उसन्या आकड्यांची. ‘सांधा पंचवीस वर्षं टिकतो’ असं आईला समुपदेशनाच्या टेबलावर सांगितलं होतं. हा आकडा हवेतला नाही. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड या देशांच्या नोंदवह्यांवरून २०१९ साली संशोधकांनी दाखवलं की गुडघ्याचे सुमारे ८२ टक्के पूर्ण सांधे पंचवीस वर्षं टिकतात. चांगली बातमी आहे. पण ते गुडघे खुर्चीवर जेवणाऱ्या माणसांचे आहेत. आमचे गुडघे बऱ्याचदा उशिरा, पुष्कळ वाकडे झाल्यावर टेबलावर येतात; चुलीपुढे, शेतात, देवळात, मशिदीत जमिनीशी टेकतात. ते किती टिकतात? आपल्याकडे दरवर्षी एवढे सांधे बसवले जातात, पण सगळ्यांना मोजणारी, सक्तीची नोंदवही या देशात नाही. इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्स या संघटनेने नोंदवही सुरू केली, त्यासाठी त्या डॉक्टरांचे आभारच मानायला हवेत. पण ती ऐच्छिक आहे. ज्याची इच्छा त्याने नोंदवायचं, असं असेल तर कोण नोंदवणार आणि कोण नाही, हे आपण सगळे जाणतो.

केंद्र सरकारचा उपकरणांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम २०१५ पासून आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून तो चालतो. तिथे तक्रार पाठवता येते. पण एखाद्या सांध्याच्या दहा तक्रारी आल्या, तर ते दहा शंभरांतले की दहा हजारांतले? बसवले किती हेच ठाऊक नसेल तर दहा या आकड्याला अर्थ उरत नाही.

चौथी तक्रार खरं तर आपल्या सगळ्यांची असायला हवी, कारण ही किंमत या देशाने एकदा मोजली आहे. डीप्यू या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा होता. गोळाही धातूचा, वाटीही धातूची. घर्षणाने कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटून रक्तात, स्नायूंत जात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत या सांध्याच्या फेरशस्त्रक्रिया इतरांपेक्षा जास्त होतायत हे दिसू लागलं. त्या देशातून तो डिसेंबर २००९ मध्ये बाजारातून काढला गेला, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून परत बोलावला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये तो वापरला गेला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने नुकसानभरपाईची शिफारस केली. पण द्यायची कुणाला? साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा माग लागला नाही. ही माणसं आपल्यातच कुठेतरी राहत होती. कुणी दुखण्याला वय कारण मानलं असेल, कुणी नशीब. त्यांच्या खुब्यात काय आहे हे त्यांना सांगणारा एकही कागद कुठे नव्हता.

माझ्या आईच्या सांध्यात दोष नव्हता. असता तर आम्हाला कसं कळलं असतं?

नोंदवही ठेवणं ही काही नवी, महागडी कल्पना नाही. बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी एकच गोष्ट लावून धरली: प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करा, वर्षभराने त्याला बोलावून पाहा, उपाय लागू पडला का, पडला नसेल तर का नाही ते लिहा, आणि ते जाहीर करा. त्यांचं मोठं रुग्णालय तयार होईना, तेव्हा १९१४ मध्ये त्यांनी तिथला राजीनामा दिला. त्यांनी स्वतःचं लहानसं रुग्णालय काढलं होतं. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात आपल्या १२३ चुका नोंदवल्या. कुणाचं निदान चुकलं, कुणाची शस्त्रक्रिया चुकली, सगळं. त्याची किंमत त्यांनी मोजली, सहकारी दुरावले. पण जगातली प्रत्येक सांधेरोपण नोंदवही त्या कार्डाची वंशज आहे. मी माझी पहिली वही घेतली तेव्हा मला हे नाव माहीत नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा मला धीर आला.

स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली, खुब्यांची १९७९ मध्ये. ती सरकारी हुकमाने नाही, तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी स्वतःहून सुरू केली, हे मी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना मुद्दाम सांगते. ऑस्ट्रेलियाची १९९९ मधली, इंग्लंड-वेल्सची २००३ मधली. पद्धत साधी आहे. सांधा बसवला की त्याचा नंबर आणि रुग्णाचा ओळखक्रमांक नोंदवायचा. पुढे कुठल्याही गावी, कुठल्याही डॉक्टरकडे तो सांधा बदलला गेला की ती नोंद पहिल्या नोंदीला जोडायची. एवढ्यावर कोणता सांधा किती टिकतो ते दिसायला लागतं. इंग्लंडमध्ये त्यापुढे जाऊन २००९ पासून रुग्णालाच शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर प्रश्नावली देतात. ऑक्सफर्ड नी स्कोअर असं तिचं नाव, बारा प्रश्न, प्रत्येकी चार गुण, एकूण ४८. रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, बाजारहाट जमते का, असे प्रश्न.

ती प्रश्नावली जशीच्या तशी उचलू नका, अशी माझी विनंती आहे. त्यात गुडघे टेकण्याचा प्रश्न आहे, मांडी घालण्याचा नाही. आमच्या प्रश्नांत हे हवं: पाटावर किंवा सतरंजीवर बसून उठता येतं का? घरातला संडास बदलावा लागला का? एसटीची पहिली पायरी आधाराशिवाय चढता का? बांधावरून, चिखलातून चालता का? पूजेला, नमाजाला बसता येतं का? जे काम करत होता ते करता का? आणि शेवटी: आधी माहीत असतं तर ही शस्त्रक्रिया पुन्हा करून घेतली असती का? जयपूर फूट घडला तो असाच. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी पायाचा निकष परदेशी पुस्तकातून घेतला नाही. उकिडवं बसता येतं का, अनवाणी चालता येतं का, शेतात पाणी लागलं तर चालतो का, हे विचारलं. तोच निकष आपण आपल्या गुडघ्यांना लावू शकतो.

डॉक्टरमंडळींची भीती मला ठाऊक आहे, माझ्या ओळखीच्या कितीतरी चांगल्या सर्जननी ती बोलून दाखवली आहे. आकडे जाहीर झाले की वर्तमानपत्रं यादी छापतील, अवघड रुग्ण कुणी हातात घेणार नाही, मधुमेही, स्थूल, संधिवाताने वाकड्या झालेल्या माणसांना दारातूनच परत पाठवतील. ही भीती खोटी नाही. म्हणून आकडे रुग्णाचं वय, वजन, आजार, गुडघ्याचा आधीचा वाकडेपणा लक्षात घेऊनच मांडले पाहिजेत. सर्जनचे वैयक्तिक आकडे फक्त त्यांना स्वतःला आणि संघटनेच्या समितीला कळावेत; लोकांना रुग्णालयाचे आणि सांध्याच्या बनावटीचे आकडे पुरेत. मला कुणाला फासावर चढवायचं नाही. पहिल्या डॉक्टरांना कळू तरी द्या की त्यांच्या कोणत्या रुग्णाचा सांधा मिरजेला बदलला गेला. कळलं तर बहुतेक जण सुधारतात, हे मी बावीस वर्षांत जवळून पाहिलं आहे.

खर्चाचा मुद्दा येईल. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा कराशिवाय ५४,७२० रुपये ठरली. लोकांचे पैसे वाचले, चांगलं झालं. जे सरकार सांध्याची किंमत रुपयापर्यंत ठरवू शकतं, ते त्या सांध्याचं पुढे काय झालं हेही विचारू शकतं. सरकारी योजनेच्या प्रत्येक संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाव्यासाठी एक्स-रे आणि स्टिकर आधीच संगणकावर जातात. नव्याने काय करायचं, तर ते पुसू नये आणि सहा महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी एक फोन करावा. फोन करणाऱ्याला त्याचे पैसे द्यावेत. आशाताईंच्या डोक्यावर हे फुकटचं ओझं टाकू नये.

तेव्हा माझ्या मागण्या अशा:

१. राज्यात होणाऱ्या प्रत्येक गुडघा आणि खुबा रोपणाची नोंद सक्तीची करा. सुरुवात सरकारी पैशातून होणाऱ्या शस्त्रक्रियांपासून करा, कारण तिथे आपला शब्द उद्यापासून चालतो. नोंद नाही तर दावा मंजूर नाही, एवढा नियम पुरेल. खासगी रुग्णालयांना एका वर्षाची मुदत द्या.

२. घरी सोडताना प्रत्येक रुग्णाच्या हातात सांध्याचं कार्ड द्या. त्यावर खरं स्टिकर, तारीख, बाजू, सर्जनचं नाव. मराठीत. ‘इम्पोर्टेड’ हा शब्द सांध्याचं नाव म्हणून लिहायला बंदी घाला.

३. रोपणाचे कागद, निदान सांध्याचा नंबर आणि शस्त्रक्रियेची टिपणं, रुग्ण हयात असेपर्यंत जपण्याचं बंधन घाला. रुग्णालय बंद पडलं तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जमा व्हावेत.

४. निकाल रुग्णाला विचारा, आपल्या जगण्यातल्या प्रश्नांनी, आपल्या भाषेत. फोन उचलला नाही तर ‘बरा झाला’ असं न लिहिता ‘संपर्क झाला नाही’ असं लिहा, आणि अशांची संख्याही छापा.

५. जाहिरातीत ‘अचूक’ म्हणायचं असेल तर कशाची अचूकता, कुणी मोजली, आणि त्याने रुग्णाला काय मिळालं, हे त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिणं बंधनकारक करा. यंत्राच्या मदतीने आणि यंत्राशिवाय केलेल्या शस्त्रक्रिया नोंदवहीत वेगळ्या ओळखता याव्यात, म्हणजे पाच वर्षांनी आपल्याला वाद घालावा लागणार नाही.

६. दरवर्षी अहवाल काढा आणि तो लोकांसाठी खुला ठेवा.

संघटनांकडे माझं एक वेगळं मागणं आहे. सरकारची वाट पाहू नका. आपल्या पुढच्या वार्षिक परिषदेत यंत्रांची प्रात्यक्षिकं असतीलच. त्यातला एक तास द्या आणि प्रत्येक सभासदाला मागच्या पाच वर्षांतल्या आपल्या शंभर रुग्णांना फोन करून यायला सांगा. व्यासपीठावर फक्त ते शंभर फोन मांडले जावेत, ज्यांनी उचलले नाहीत त्यांच्यासह.

माझ्या वह्या मी द्यायला तयार आहे. नावं झाकून, कोन आणि तारखा तशाच ठेवून. दोन-तीन पेट्या भरतील. नोंदवहीचा पहिला मसुदा करायला, प्रश्नावली गावोगावी विचारून पाहायला, रविवारची सकाळ मी देईन, माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोन मुलीही देतील.

आईला आता काठी लागते. तिच्या नव्या सांध्याचं स्टिकर मी लॅमिनेट करून तिच्या देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवलं आहे, एक प्रत माझ्याकडे, एक धाकट्या भावाकडे. या पत्राचं उत्तर लेखी मिळावं, आणि त्यात वरच्या सहा मागण्यांपैकी कोणती कधी अमलात येईल, त्याची तारीख असावी, एवढी विनंती करते.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट,
कराड, जि. सातारा